आगा झैनब

आगा झैनब (पंधरावे शतक). खानदेशचा फारुकी राजा नासिरखान (कार. १३९९–१४३७) याची मुलगी व बहमनी सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमद (कार. १४३६–५८) याची बेगम. बहमनी दरबारात ती मलिका-इ-जहाँ या किताबाने ओळखली जाई. सासरे पहिले अहमदशहा यांच्या हयातीत, गुजरातच्या सुलतानाविरुद्ध दोन्ही घराण्यांनी एक व्हावे म्हणून हा विवाह झाला.

अलाउद्दीन गादीवर आल्यावर कोकणच्या मोहिमेतून तेथील एका राजाची मुलगी बीदरला आली. काही अभ्यासक तिला संगमेश्वरची मानतात. सुलतानाने तिचे नाव जेबाचेहरा (परीचेहरा) ठेवले. आपली उपेक्षा होत असल्याची तक्रार झैनबने माहेरी कळवली, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो. नासिरखानाने पुढे बहमनींशी केलेले युद्ध त्या तक्रारीवर घालणे मात्र पटत नाही. सुलतानपूर-नंदुरबारकडे नासिरखानाचे हातपाय पसरणे गुजरातने केव्हाच रोखले होते आणि पूर्वेला वऱ्हाड मोकळे दिसत होते.

१४३७ मध्ये गुजरातच्या अहमदशहाच्या संमतीने नासिरखान वऱ्हाडात उतरला. फारुकी म्हणजे खलीफा उमरचे वंशज, या समजुतीने अनेक वऱ्हाडी अंमलदार त्याला मिळाले व त्याच्या नावाने खुतबा पढला गेला. बहमनी सुभेदार खानजहान नरनाळ्यावर (आताचा अकोट तालुका) अडकला. हा किल्ला झैनबच्या सासऱ्यांनीच थोड्या वर्षांपूर्वी दुरुस्त केला होता. दौलताबादचा सुभेदार खलफ हसन बसरी (मलिक-उत्-तुज्जार) याने या मोहिमेसाठी दख्खनी सरदार नकोत, फक्त परदेशी पथके द्या, असा हट्ट धरला व तो मान्य झाला.

लढाई रोहिणखेडला (बुलढाणा जिल्हा) झाली. बऱ्हाणपूरकडून येणारी वाट येथूनच बालाघाट चढते. त्यामुळे १५९१ च्या सुमारास निजामशाही वारशाचा निकालही याच गावाजवळ लागला. पराभूत नासिरखान मागे हटला, बऱ्हाणपूर लुटले गेले, धुळ्याजवळच्या लळिंगपर्यंत पाठलाग झाला. त्याच वर्षी तो वारला, दफन थाळनेरला.

खलफ हसन सत्तर हत्ती घेऊन परतला. दरबारात परदेश्यांना सुलतानाच्या उजव्या हाताची जागा मिळाली, दख्खनी डावीकडे गेले. दोन्ही गटांतील वैर येथून उघड झाले. पुढे कोकणात खलफ हसन मारला गेला आणि चाकणला त्याच्या उरलेल्या माणसांची कत्तल झाली.

झैनबचा उल्लेख इतिहासकार करतात तो मुख्यतः या युद्धाच्या संदर्भात.