'सोशालिस्ट' ते 'क्रांती': अंक कुणाच्या पैशावर, कुणाच्या भाषेत

इथं बदनापुरात काही तरुण डाव्या विचाराचा अंक काढायचं म्हणताहेत, असं येताना गाडीत कळलं. म्हणून आज डांग्यांच्या 'सोशालिस्ट'पासूनच सुरुवात करतो.

ऑगस्ट १९२२. बदनापूर तेव्हा निजामाच्या राज्यात. तिकडे मुंबईत बावीस वर्षांचे श्रीपाद अमृत डांगे साप्ताहिक काढतात. पैसा कुणाचा? रणछोडदास लोटवाला यांचा, म्हणजे पिठाच्या गिरणीच्या मालकाचा! हसू नका. आदल्या वर्षी डांग्यांनी 'गांधी विरुद्ध लेनिन' लिहिलं, त्यावरून ही ओळख झाली. अशा अंकाला जाहिराती मिळत नाहीत. कागदवाला तरी उधारीवर किती दिवस देणार?

मला मात्र मोठी अडचण दुसरीच वाटते. अंक इंग्रजीत होता. ज्या गिरणी कामगाराची बाजू मांडायची, त्यालाच तो वाचता येईना. पुढे १९२४ मध्ये कानपूर खटल्यात डांग्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. सुटले १९२७ मध्ये.

त्याच वर्षी वर्कर्स अँड पेझंट्स पार्टीचं 'क्रांती' निघालं, मराठीत. १९२८ चा संप सहा महिने चालला, लाखावर कामगार बाहेर होते. एकानं वाचायचं नि दहांनी ऐकायचं, हे मराठी अंकातच जमतं. सरकारलाही ते कळलं असावं. २० मार्च १९२९ रोजी मीरत खटल्यासाठी देशभर धरपकड झाली. डांगे, मिरजकर, जोगळेकर, घाटे. लिहिणारे आणि संघटना चालवणारे, सगळे एकाच दिवशी आत.