आनंद पटवर्धन : स्वतंत्र माहितीपटकार

मुंबईत १९५० साली जन्मलेले आनंद पटवर्धन बहुधा स्वतःच कॅमेरा हाताळतात व संकलनही करतात. झोपडपट्टीवासीयांवरील ‘हमारा शहर’ (१९८५) या माहितीपटात शाहीर विलास घोगरे गायले होते. १९९७ साली घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात १० जण ठार झाले. त्या व्यथेने घोगरे यांनी आत्महत्या केली. तेव्हापासून सुमारे १४ वर्षे चित्रण करून पटवर्धनांनी ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) पूर्ण केला. तो तीन तासांहून मोठा आहे. पण त्यातील शाहिरांची गाणी ऐकताना लांबी आम्हांस जाणवली नाही. ‘जंग और अमन’वर सेन्सॉरने सुचविलेली कात्री त्यांनी नाकारली. अखेर २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो विनाकाटछाट मुक्त केला.