घराला एक खोली वाढवायची आहे? गुत्तेदाराला उचल देण्याआधी किल्लारीनं शिकवलेलं वाचा

लातूर असो की नांदेड, कुठल्याही नव्या वसाहतीत चक्कर मारा. निम्म्या घरांच्या गच्चीवर कॉलमचे गज हवेत उभे दिसतील. पुढंमागं वर एखादी खोली काढू, हा त्यामागचा विचार. मग कधी थोरल्याचं लग्न ठरतं, कधी 'लातूर पॅटर्न'चे क्लास करायला आलेल्या पोरांना भाड्यानं द्यायला खोली हवी असते, आणि काम निघतं. बिल्डर कुणी बोलवत नाही. सिमेंट, गज, वाळू, विटा आपण आणायच्या आणि मजुरीचं गुत्तं ओळखीच्या मिस्त्रीला द्यायचं, ही आपल्याकडची रूढ पद्धत. पैसे वाचतात हे खरं. पण त्या दिवसापासून साइटवरचे इंजिनिअर, स्टोअरकीपर आणि वॉचमन तुम्हीच असता, हे कुणी सांगत नाही.

अशा मालकानं स्वतः उभं राहून करून घेतलेल्या बांधकामाचा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा प्रयोग आपल्याच भागात झाला आहे. म्हणून सुरुवात तिथून करू.

माळवद, माती आणि ३० सप्टेंबर

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून गावं नुकती झोपली होती. औसा तालुक्यातल्या किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. त्या वेळी भूकंपाच्या नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या झोनमध्ये होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या झोनमध्ये आला.

माणसं मुख्यतः घरांनी मारली. दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, मधे चिखलाचा दर्जा, वर माळवद. ती जाड भिंत खरं म्हणजे एक नव्हतीच. आतला एक थर, बाहेरचा एक थर आणि मधे भरलेले दगडगोटे. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच, त्यामुळं हादऱ्यात दोन्ही थर फुगून सुटे झाले. गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षं माळवदावर माती चढत गेली होती, ती वरून आली. कित्येक घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा तसाच उभा राहिला आणि भिंती तेवढ्या ढासळल्या.

यानंतर जागतिक बँकेच्या मदतीनं राज्य सरकारनं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम घेतला. त्यात नव्या जागी वसवलेली ५२ गावं सगळ्यांना माहीत आहेत. त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग मात्र फारसा कुणाच्या बोलण्यात येत नाही. जी घरं पडली नव्हती पण तडकली होती, अशी सुमारे दोन लाख घरं त्या-त्या मालकांनीच दुरुस्त आणि मजबूत करून घ्यायची होती. पैसे एकदम मिळत नव्हते. कामाचा एक टप्पा झाला, कनिष्ठ अभियंत्यानं पाहिला, की पुढचा हप्ता. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकारानं गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. भिंतीत आरपार दगड का घालायचा, माळवदावरची माती का उतरवायची, मिस्त्रीनं काय टाळलं की हटकायचं, हे त्या घरोघरी सांगत. दिवसभर घरात असणाऱ्या बाईची नजर कामावर असते, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

पण एक गोष्ट ठरवल्याप्रमाणं झाली नाही. जुन्या दगडी घराला मजबुती देण्यापेक्षा मिळालेल्या पैशात शेजारी एक नवी पक्की खोली बांधणं अनेकांना पटलं. त्यांचंही चूक म्हणता येत नाही. ज्या भिंतींनी शेजारचं घर गिळलं, त्याच भिंतींवर पैसे घालायला कोण धजावेल? पण खोली नवी झाली तरी माणसं, धान्य आणि गुरं जुन्या घरातच राहिली. आजही घर वाढवताना हीच चूक होते. सगळं लक्ष नव्या खोलीवर असतं आणि ती ज्याला टेकणार किंवा ज्याच्यावर उभी राहणार, त्या जुन्या घराची कुणी विचारपूस करत नाही.

आधी खाली बघा

वर मजला चढवायचा असेल तर पहिला प्रश्न गुत्तेदाराला विचारायचा नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायचा: खालचे कॉलम आणि फुटिंग दुसऱ्या मजल्याचं वजन घेणार आहेत का? गज वर काढून ठेवले म्हणजे पाया दोन मजल्यांचा आहे असं नाही. गंजलेले गज तसेच जोडून पुढं काम करणं तर धोक्याचंच. जुना नकाशा नसेल तर एका कॉलमजवळ खड्डा घेऊन फुटिंग बघावं लागतं. इंजिनिअरची फी एकूण खर्चात किरकोळ असते, पण नेमकी तीच वाचवण्याची आपल्याला सवय आहे.

शेजारी खोली काढायची असेल तर प्रश्न काळ्या मातीचा. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर खोल भेगा पाडते. तिच्यावर उथळ पाया घेतला की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघालीच म्हणून समजा. मुरूम लागेपर्यंत खोल जायचं, खोदलेली काळी माती पुन्हा पायात भरायची नाही, जोत्यात मुरूम भरून थराथरानं पाणी मारून धुमसायचा. मुरूम फारच खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खाली फुगीर बुंध्याचे खांब घेतात. ते मात्र इंजिनिअरच ठरवेल.

आणि जुन्या भिंतीत खाचे पाडून नवी भिंत गुंफायची नाही. जुनं घर बसायचं तेवढं बसलेलं असतं, नवं अजून बसायचं असतं. दोघांना बांधलं की जोडावरच तडा जातो. मिस्त्री म्हणेल, "साहेब, मजबूत होईल." त्यापेक्षा निदान इंचभर फट सोडून दोन्ही बांधकामं वेगळी ठेवायची. त्या फटीत पाणी जाऊ नये याची सोय केली की झालं.

परवानगीचं थोडक्यात. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार १५० चौरस मीटरपर्यंतच्या अधिकृत भूखंडावर परवानाधारक इंजिनिअरमार्फत नकाशा आणि कागद सादर करून शुल्क भरलं, की ती पावतीच परवानगी मानली जाते. म्हणजे परवानगी लागत नाही असं नव्हे. नांदेडमध्ये आणि लातूरमध्ये महापालिकेकडे, गावात ग्रामपंचायतीकडे आधी चौकशी करा. शेजाऱ्याच्या बाजूला किती अंतर सोडायचं, इथंच बहुतेक भांडणं सुरू होतात.

गुत्तं कागदावर

"आपल्यातलाच माणूस आहे, लिहून काय घ्यायचं?" या वाक्यानं आपल्याकडे जितकी नाती तुटली असतील तितकी वाटणीनंही नसतील. पाचशेच्या बाँडवर साध्या मराठीत लिहा. दर चौरस फुटाला किती, हे सगळेच ठरवतात. पण मोजणार काय, हे ठरवत नाहीत. बाहेर आलेला सज्जा धरणार का? जिना कसा मोजणार? सेंट्रिंगचं सामान, मिक्सर, त्याचं डिझेल, पाणी मारणारा माणूस कुणाचा? प्लॅस्टर एक हात की दोन? हे आधी बोललं नाही तर प्रत्येक गोष्ट 'एक्स्ट्रा' होते.

पैसे कसे द्यायचे, हे किल्लारीच्या दुरुस्ती कार्यक्रमातून उचला: टप्पा पूर्ण, तपासणी, मग हप्ता. पाया, जोतं, लिंटेल, स्लॅब, प्लॅस्टर असे टप्पे पाडा. झालेल्या कामापेक्षा दिलेला पैसा कधीही पुढं जाऊ देऊ नका. एकदा का उचल कामाच्या पुढं गेली, की मिस्त्री दुसऱ्या साइटवर आणि तुम्ही फोनवर. काही रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा आणि तसं आधीच लिहा. रोख दिले तर वहीत सही घ्या. यूपीआय केलं तर 'स्लॅब हप्ता' असा शेरा टाका, नुसतं 'पेमेंट' नको.

झाकलं जाण्याआधी बघायचं

बांधकामातली फसवणूक असो की निष्काळजीपणा, दोन्ही काँक्रीटखाली गाडले जातात. म्हणून काय कधी झाकलं जाणार आहे, ते आदल्या दिवशी विचारा आणि त्या आधी हजर राहा.

गजाचं वजन तुम्ही स्वतः तपासू शकता. मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करून १६२ नं भागलं की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. म्हणजे १२ मिलिमीटरचा १२ मीटर लांब गज साधारण १०.७ किलो भरला पाहिजे, १० चा ७.४ किलो आणि ८ चा ४.७ किलो. थोडाफार फरक चालतो. किलोभर कमी आला तर माल परत. कॉलमच्या रिंगांची टोकं काटकोनात नाही, तर १३५ अंशात आत वळवलेली हवीत. भूकंपात रिंग उघडू नये यासाठी ते असतं. मिस्त्री कंटाळा करतो, कारण वाकवायला जोर लागतो. गजाखाली कव्हर ब्लॉक हवेत, गिट्टीचे तुकडे नव्हे.

स्लॅबच्या दिवशी सगळ्यात मोठा शत्रू पाणी. काँक्रीट पातळ केलं की पसरायला सोपं जातं, आणि तेवढंच कमजोर होतं. १:१.५:३ च्या मालाला सिमेंटच्या एका गोणीमागं ३० लिटरच्या वर पाणी जायला नको. ३० लिटरची खूण केलेली एक बादली मिक्सरजवळ ठेवा, वाद मिटतो. नदीची वाळू महाग आणि दुर्मिळ झाल्यानं आता बहुतेक ठिकाणी क्रश सँड येते. ती धुतलेली, दाणेदार असेल तर उत्तम. पण त्या नावाखाली क्रशरची डस्ट उतरवली जाते. मुठीत घेऊन चोळा. हाताला पिठासारखी बसली तर गाडी परत पाठवा.

मग पाणी मारणं. आपल्या कोरड्या, उष्ण हवेत निदान दहा दिवस काँक्रीट सतत ओलं हवं, पीपीसी सिमेंट असेल तर दोन आठवडे. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवणं म्हणजे ओलं ठेवणं नव्हे. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवायचं, कॉलमला बारदान गुंडाळायचं. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं मे महिन्यात स्लॅब टाकण्याचा हट्ट का धरायचा? दिवाळीनंतर काम काढलं तर हवा आणि पाणी दोन्ही साथ देतात. मात्र तेव्हा मजुरांची अडचण होते; दसरा-दिवाळीनंतर बरीच कुटुंबं ऊसतोडीला जातात. दोन्हीचा मेळ बसवूनच तारीख धरा.

सेंट्रिंग काढायची घाई गुत्तेदाराला असतेच, त्याला त्या प्लेटा पुढच्या साइटवर हव्या असतात. साध्या ओपीसी सिमेंटला, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस आणि बीमखालचे १४ दिवस ठेवावे लागतात. दुकानात हल्ली बहुतेक पीपीसीच मिळतं, त्याला आणखी वेळ द्या.

काम अडलं तर

अडणार, हे धरूनच चला. मिस्त्री लग्नाला म्हणून गेला आणि पंधरा दिवस आला नाही; अवकाळीनं सिमेंट भिजलं; बायकोनं खिडकीची जागा बदलायला सांगितली (बहुधा तिचंच बरोबर असतं). हातातल्या बजेटपैकी दहाएक टक्के कुठल्याच कामाला न लावता बाजूला ठेवा. सिमेंट स्लॅबच्या दोन-चार दिवस आधीच आणा. तीन महिने पडून राहिलेलं सिमेंट बऱ्यापैकी ताकद गमावतं. काम लांबणार असेल तर उघड्या गजांना सिमेंटचा पातळ हात द्या.

गुत्तेदार काम अर्धवट टाकूनच गेला तर नवा माणूस लावण्याआधी इंजिनिअरकडून झालेल्या कामाचं मोजमाप लिहून घ्या, तारखेसह फोटो काढा, लेखी नोटीस पाठवा. घरबांधणी ही ग्राहक संरक्षण कायद्यानुसार 'सेवा' आहे, त्यामुळं जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही आणि वकील लावण्याची सक्तीही नाही. मुदत दोन वर्षांची. तिथं तुमच्या बाजूनं बोलणार तो बाँड, ती वही आणि यूपीआयचे ते शेरे.

आणि पत्र्याची खोली?

बजेट पुरलं नाही की गच्चीवर पत्रे टाकून काम भागवलं जातं. त्यात वाईट काही नाही. पण पत्रे वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड ठेवायची आपली जुनी खोड आहे. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, नांदेडलाही घरं हादरली. त्यानंतर प्रशासनाला लोकांना सांगावं लागलं, की पत्र्यांवरचे दगड खाली उतरवा. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा तेवढाच धक्का बसला. पत्रे लोखंडी पाइपांना जे-हुकनं आवळून, खाली वायसर घालून बसवायचे आणि दर वर्षी मृगाआधी शिडी लावून एकदा सगळे नट पान्यानं तपासायचे.