कबुलीचा हिशेब

मागच्या महिन्यात मामाचा फोन आला. त्याच्या टेम्पोच्या अपघाताची केस सात वर्षं तालुक्याच्या कोर्टात पडून आहे. समोरच्याचा पाय मोडला होता. वकील म्हणतात, गुन्हा कबूल करा, भरपाई आणि दंडावर मिटवू. मामाचं म्हणणं, चूक मोटारसायकलवाल्याची होती. "तू इंजिनियर ना? हिशेब करून सांग."

हिशेब मांडायला बसलो आणि वाचता वाचता पॉल लुईस हेज या माणसापाशी अडकलो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या केंटकी राज्यात ८८ डॉलर ३० सेंटचा बनावट चेक खपवल्याचा आरोप त्याच्यावर होता. शिक्षा २ ते १० वर्षं. सरकारी वकिलानं सांगितलं, कबूल केलंस तर ५ वर्षांची शिफारस करतो. नाहीतर तुझे जुने दोन गुन्हे काढून सराईत गुन्हेगारांचा कायदा लावतो. त्या कायद्यात शिक्षा एकच : जन्मठेप. हेजनं नकार दिला. वकिलानं शब्द पाळला. हेज खटला हरला आणि जन्मठेप झाली.

प्रकरण वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७८ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला : आरोपीला हो किंवा नाही म्हणायची मोकळीक होती, म्हणून यात घटनाबाह्य काही नाही.

ही मोकळीक मी आकड्यांत मांडून पाहिली. समजा, हेजला सुटकेची ८० टक्के खात्री होती. जन्मठेप म्हणजे ३० वर्षं धरू. त्याचे २० टक्के म्हणजे ६ वर्षं. कबुलीची ५ वर्षं त्याहून कमी. म्हणजे ८० टक्के खात्री असलेल्यानंही कबूल करावं, असं गणित सांगतं. त्या गणितात 'मी हे केलं का' असा रकानाच नाही. आणि ३० हा आकडा भरला समोरच्या पक्षानं.

आपल्याकडे ही भीती आधीच ओळखली गेली होती. १९८० मध्ये गुजरातच्या कासमभाई खटल्यात न्या. भगवतींनी लिहिलं, की लांबलचक खटला टाळण्यासाठी निर्दोष माणूसही हलकी शिक्षा पत्करेल. तरी ५ जुलै २००६ पासून ही तडजोड कायद्यात आली. ७ वर्षांहून जास्त शिक्षेचे गुन्हे, स्त्रियांवरचे आणि १४ वर्षांखालच्या मुलांवरचे गुन्हे वगळले. जखमी माणसालाही बोलणीत जागा दिली. आरोपी स्वखुशीनं आलाय ना, हे न्यायाधीशानं त्याला एकट्याला विचारायचं, असं ठरलं. निकालावर नेहमीचं अपील मात्र नाही.

मामाला जन्मठेपेची धमकी कुणी दिलेली नाही. त्याच्या त्या रकान्यात तारखा आहेत : प्रत्येक तारखेला बुडालेलं भाडं, वकिलाची फी, दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात बसणं. धमकी द्यायला कुणी लागतच नाही.

मी फोन केला. आकड्यांनी बघितलं तर कबूल कर, म्हणालो. मग अपील नाही, हेही सांगितलं.

मामा जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आणि साहेबांनी आत एकट्याला विचारलं, स्वखुशीनं करतोस का, तर काय सांगू?"

त्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. पुढची तारीख सोळाला आहे.