गाण्याच्या माथ्यावरची ओळ

गाणं लिहायला कुठे शिकलात, असं कुणी विचारलं की मी एक जुनी वही पुढे करतो. 1981 साली मी मुकुंदवाडीत भाड्याच्या खोलीत राहत होतो आणि चिकलठाण्याच्या एका कारखान्यात शिफ्ट करीत होतो, तेव्हाची ही वही. प्रत्येक गाण्याच्या माथ्यावर ‘चाल’ असं लिहून पुढे एखाद्या सिनेगीताचे पहिले शब्द. तीच माझी शाळा.

ही पद्धत काही आमच्या वस्तीने काढलेली नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली ‘शाकुंतल’ आणि 1882 साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा साकी, दिंडी, कानडी गाणी अशा लोकांच्या कानात बसलेल्या चाली त्यांनी पदांना घेतल्या. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदावर मूळ चाल दिलेली असे. भीमगीतांच्या पुस्तिकांत तीच ओळ आली, फक्त तिथे सिनेमा आला. नाटकवाल्यांनी घेतली तर परंपरा आणि आम्ही घेतली तर उसनवारी, हा न्याय मला अजून उमगलेला नाही.

वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म 1922 चा. शाळा नाही, मोठेपणी मुंबईत दुकानांच्या पाट्या वाचत त्यांनी वाचन पक्कं केलं. 1943 साली लिहिलेलं त्यांचं पहिलं गाणं हे एका हिंदी गाण्याचं विडंबन होतं. तिकडे बीटल्सची पोरंही 1960 पासून हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्र-रात्र बहुतेक दुसऱ्यांचीच गाणी वाजवीत होती.

माझं म्हणाल तर ‘नागिन’ (1954) मधली एक चाल घेऊन मी भीमजयंतीसाठी गाणं लिहिलं. विषय महाडचा, 1927 चा चवदार तळ्याचा सत्याग्रह. कागदावर मात्रा चोख होत्या. पण सूर जिथे लांबतो तिथे मी ‘दिवस’ हा शब्द टाकला होता, गाताना त्याचा ‘दीवस’ झाला. वस्तीतल्या पेटीवाल्या मामांनी भाता थांबवला. म्हणाले, “सूर बसतो तिथं काना-मात्रा पायजे, पोरा. ऱ्हस्वावर कुणी बसत नाही.” त्या रात्री मी राजेंद्र कृष्ण यांचे मूळ शब्द उतरवून घेतले आणि लांब सुरांखाली रेघा मारल्या. बहुतेक रेघांवर दीर्घ स्वर! जोडाक्षरं थोडी, आणि तीही धावत्या जागी नाहीत. सिनेमाचं गाणं म्हणून ज्याला हसायचो, त्यात एवढा हिशेब होता.

गाणं दुरुस्त केलं. जयंतीला ते रंगलंही. पण पुंगीची जागा आली तशी पुढची पोरं डोक्यावर हाताचा फणा धरून डोलायला लागली. शब्द तळ्याच्या पाण्याचे आणि समोर नाग! मी मंडपामागे जाऊन उभा राहिलो. चाल उसनी घेतली की तिच्याबरोबर तिचा पडदाही येतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माथ्यावरची ओळ खोडली आणि वही मामांकडे दिली. त्यांनी चार-पाच दिवस ठेवून घेतली, मग भजनाच्या अंगाने एक संथ चाल बसवली. पुढच्या जयंतीला गाणं त्याच चालीत झालं. शब्द एकही बदलावा लागला नाही.