नेत्रपटलांतील हेर आणि कारभारी

गडहिंग्लज तालुक्यांतील नेसरीच्या खिंडींत २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं सरनोबत प्रतापराव गुजर अवघ्या सहा स्वारांसह बहलोलखानाच्या सैन्यावर तुटून पडले, ही कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. धुळींतून येणारे ते सात घोडे प्रथम ज्याच्या नजरेस पडले असतील, त्याला ते ओळखण्यास निमिषहि लागलें नसेल. परंतु अशा एका निमिषांत डोळ्यांत काय घडतें, हें उकलण्यास शास्त्रज्ञांच्या कित्येक पिढ्या खर्ची पडल्या.

नेत्रपटलावर जगाचें उलटें चित्र उमटतें, हें केप्लरनें १६०४ सालींच सांगितलें होतें. पण चित्र उमटणें वेगळें आणि दिसणें वेगळें. १८६६ मध्यें माक्स शुल्ट्झे या जर्मन शास्त्रज्ञानें प्रकाशग्राही पेशींचे दोन वर्ग ओळखले : अंधुक उजेडांत जागणाऱ्या दंडपेशी आणि भर प्रकाशांत रंग टिपणाऱ्या शंकुपेशी. त्यांच्यापुढें काय, हें कोडेंच राहिलें.

१८७३ सालीं इटलीच्या कामिल्लो गोल्जीनें रौप्यक्षारानें मज्जापेशी रंगविण्याची कृति काढली. तीच हातीं घेऊन स्पेनच्या रामोन इ काहालनें नेत्रपटलाचे छेद तपासले आणि १८९३ मध्यें आपला प्रबंध प्रसिद्ध केला. प्रत्येक पेशी स्वतंत्र असून संदेश प्रकाशग्राही पेशीकडून द्विध्रुवी पेशीकडे व तिच्याकडून गुच्छिकापेशीकडे जातो, असा त्याचा सिद्धांत. गोल्जीच्या मतें मात्र सारें मज्जातंतुजाल अखंड होतें. १९०६ चें नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळालें, आणि त्या प्रसंगींच्या व्याख्यानांतहि गोल्जीनें हा सिद्धांत नाकारला. १९५० नंतरच्या दशकांत विद्युत्सूक्ष्मदर्शकानें पेशींमधील फट दाखविली, आणि काहालचा पक्ष खरा ठरला.

पेशींची भाषा समजण्यास वेगळी साधनें लागलीं. १९३८ मध्यें हार्टलाइननें बेडकाच्या दृष्टितंतूंवर प्रयोग केले. कांहीं तंतु उजेड लागतांच बोलत, कांहीं तो मावळतांच, तर कांहीं दोन्ही वेळां. १९५३ सालीं कुफ्लरनें मांजराच्या डोळ्यांत दाखविलें कीं, गुच्छिकापेशीच्या क्षेत्राचा मध्य आणि कडा परस्परविरुद्ध वागतात. आडव्या पेशी शेजाऱ्यांची तुलना करीत असल्यानें सपाट प्रकाशापेक्षां वस्तूची कडाच ठळक उठते. १९६५ मध्यें बार्लो व लेविक यांनीं सशाच्या डोळ्यांतील विशिष्ट दिशेची हालचालच सांगणाऱ्या पेशींचा अभ्यास प्रसिद्ध केला.

मानवी डोळ्यांत दंडपेशी सुमारें १२ कोटी, शंकुपेशी सुमारें ६० लक्ष. मेंदूकडे जाणारे तंतु मात्र अवघे दहा लक्षांच्या आसपास. छावणींत हेर पुष्कळ असावेत, परंतु सरनोबतापुढें निवडक वार्ताच जावी, तसाच हा कारभार. वार्ता पारखण्याचें काम मेंदूपूर्वींच सुरू होतें.

या व्यवस्थेचें मोल ती बिघडल्यावर कळतें. काचबिंदूंत हेर शाबूत राहतात, पण निरोप नेणाऱ्या गुच्छिकापेशी मरतात, आणि माणसांत त्या पुन्हां उगवत नाहींत. आरंभीं वेदनाहि बहुधा नसते. म्हणून चाळिशीनंतर नेत्रपरीक्षा वेळच्या वेळीं करवून घेणें, हेंच शहाणपणाचें. गेलेली दृष्टि कोणताहि वैद्य परत आणूं शकत नाहीं, उरलेली मात्र जपतां येते.