अफवेला विनोदाचं उत्तर

साथ आली की पाठोपाठ अफवाही येते. फेब्रुवारी २०२० मध्ये तैवानात अशीच एक अफवा उठली. मास्क आणि टॉयलेट पेपर यांचा कच्चा माल एकच. आता तो सगळा मास्ककडे वळणार, टॉयलेट पेपर मिळणार नाही! बघता बघता दुकानांतल्या फळ्या रिकाम्या झाल्या.

सरकारनं काय करावं? अफवा पसरवणाऱ्याला दंड करणारा कायदा होताच. पण पंतप्रधान सू त्सेंग-छांग यांनी फेसबुकवर स्वतःचंच व्यंगचित्र टाकलं. पाठमोरे उभे राहून ते कंबर हलवताहेत आणि सांगताहेत, प्रत्येकाला बूड एकच असतं! सोबत छोटा तक्ता होता : टॉयलेट पेपरचा लगदा दक्षिण अमेरिकेतून येतो, मास्कचा माल देशातच तयार होतो. लोक हसले, त्यांनी ते चित्र एकमेकांना धाडलं आणि खरी माहितीही घरोघर पोचली. दुकानांतली झुंबड ओसरली.

हे शहाणपण एका रात्रीत आलेलं नव्हतं. २००३ च्या सार्स साथीत, २४ एप्रिलला तैपेईचं होपिंग रुग्णालय एकाएकी बंद केलं गेलं. डॉक्टर, परिचारिका, रुग्ण असे हजारभर लोक आत अडकले. त्या गोंधळातून धडा घेऊन २००४ मध्ये साथनियंत्रणाचं राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. २०२० मध्ये आरोग्यमंत्री छेन शिह-चुंग रोज पत्रकारांसमोर बसू लागले. अफवेला काही तासांत, थोडक्या शब्दांत, चित्रासह उत्तर द्यायचं, असा डिजिटल मंत्री ऑड्री टँग यांचा आग्रह होता. आरोग्य खात्याच्या चित्रांत तर चक्क एक शिबा जातीचा कुत्रा आला. घरात तीन कुत्र्यांचं अंतर ठेवा, बाहेर दोन!

मात्र विनोदाच्या मागे माल होता, हे विसरून चालणार नाही. ६ फेब्रुवारी २०२० पासून आरोग्यविम्याचं कार्ड दाखवलं की औषधाच्या दुकानात ठरलेले मास्क मिळत होते. टॉयलेट पेपरही खरोखरच पुरेसा होता. मे २०२१ मध्ये साथ उसळली तेव्हा लसच अपुरी होती. मग टीका झाली, शंका वाढल्या. तिथं चित्रं काय करणार?

मंडळी, खोट्याला हसत उत्तर देता येतं. पण त्या उत्तरावर लोकांचा विश्वास बसायचा, तर कोठारात धान्य असावं लागतं.